माझ्या झोपेचं माप

मला झोप लागत नाही, अशी तक्रार मी कधीच केली नव्हती. उलट डॉक्टर, नर्स, बायको, मेहुणा, जो कोणी विचारेल त्याला मी सांगत होतो की झोप एकदम फर्स्ट क्लास आहे. डोक्याला मार लागल्यानंतर मी जितका गोत्यात आलो, तो बराचसा या एका वाक्यामुळे. म्हणून लिहायला बसलोय. साइटवरून पडलेली, गाडीत आदळलेली माणसं इथे गल्फमध्ये कमी नाहीत. ती वाचतात, टाके निघतात, स्कॅन बरा येतो आणि मग घरचे हळू आवाजात म्हणतात, "वाचला, पण पहिल्यासारखा राहिला नाही." माझ्याबद्दलही तेच म्हणाले. ते चुकले होते. किती चुकले होते, ते मला सांगायचंय.

पडलो तेव्हा

मी तासगावकडचा. दुबईत आलो तो परांची बांधणारा कामगार म्हणून. नंतर अल क्वोजमध्ये स्वतःचा यार्ड काढला. जुनी परांची, शटरिंगच्या प्लेटा, जॅक विकत घ्यायचे, ठीकठाक करून विकायचे किंवा भाड्याने द्यायचे. शाळा नववीपर्यंत. बाकीचं शिक्षण घासाघिशीत झालं. समोरचा माणूस चहाचा कप खाली ठेवताना हात कसा ठेवतो, यावरून मला त्याचा शेवटचा आकडा कळायचा.

दोन हजार आठ संपता संपता मंदी आली. टॉवर अर्धवट थांबले, क्रेन जागच्या जागी उभ्या राहिल्या. सगळे रडत होते, मी नाही. बंद पडलेल्या साइटचा माल मातीमोल जात होता आणि ती माझी दिवाळी होती. अशाच एका साइटवर माल बघायला गेलो. विकणारा खालून ओरडत होता, "हबीबी, ऊपर का माल सेम है, चढ़ने का ज़रूरत नहीं!" चढायची गरज नाही असं कोणी म्हटलं की मी चढतोच. चढलो. पायाखालची फळी सरकली. पुढचं आठवत नाही.

शुद्ध आली ती सरकारी हॉस्पिटलात. मेंदूला सूज, आत थोडा रक्तस्राव, ऑपरेशन नको, नशीबवान आहात, असं एका तरुण डॉक्टरने माझ्या बायकोला सांगितलं. वृषाली माझ्या पायाशी उभी होती आणि नशीबवान हा शब्द ऐकून रडायला लागली.

मग रोजचा क्रम सुरू झाला. डोळ्यांत टॉर्च, "स्क्वीझ माय फिंगर," नाव काय, गाव कोणतं. एकदा नर्सने विचारलं, "कौन सा महीना है?"

मी म्हणालो, "मंदी का."

तिने लिहिलं, पेशंट गोंधळलेला आहे. मी गोंधळलेला नव्हतो. माझा सौदा अर्धवट राहिला होता, म्हणून चिडलो होतो.

एक गोष्ट मात्र त्या वॉर्डात चांगली घडली. शेजारच्या खाटेवर पेशावरकडचा एक ड्रायव्हर होता. त्याला भेटायला कोणी यायचं नाही. वृषालीने त्याच्यासाठीही पोळी आणायला सुरुवात केली. तो पोळी खाताना दर वेळी मला म्हणायचा, "भाई, तेरी बीवी का हाथ चूम ले, तेरे से तो होगा नहीं." त्या दिवसांत मी हसलो तो फक्त त्याच्यामुळे.

मेहुण्याची काळजी

सतीश माझा मेहुणा. वृषालीचा धाकटा भाऊ. त्याला इकडे मी आणला, व्हिसा मी काढला, माल ओळखायला मी शिकवलं. मी हॉस्पिटलात असताना त्याने यार्ड सांभाळला, हे मान्य. पण मी परत आलो तेव्हा माझ्या खुर्चीवर बसलेला तो उठला नाही. दुसरी खुर्ची ओढून म्हणाला, "बसा दाजी, आराम करा."

खरं सांगायचं तर माझं बरं नव्हतंच. दुपार झाली की डोक्यात कापूस भरल्यासारखं व्हायचं. बोलता बोलता धागा सुटायचा. आधीही मी तापट होतो, पण तेव्हा मी रागावायचो आणि त्यातून काहीतरी मिळवायचो. आता राग नुसताच यायचा. मुलगी ईशा गृहपाठ करताना पेन टकटक करायची, तेवढ्यावरून मी तिच्यावर ओरडलो. ती म्हणाली, "बाबा, यू आर स्केअरी नाऊ," आणि दार लावून घेतलं.

वृषाली एकदा म्हणाली, "मी हॉस्पिटलातून ज्याला घरी आणलं तो माणूस मला ओळखीचा वाटत नाही."

"मग तुझ्या भावाला विचार. त्याला मी फार चांगला ओळखीचा आहे."

"प्रत्येक गोष्टीत माझा भाऊ कशाला आणता?"

"कारण तो प्रत्येक गोष्टीत आहे!"

इथे धंद्याला एक स्थानिक भागीदार लागतो. आम्ही सगळे त्याला अरबाब म्हणतो. आमचे अरबाब बू सालेम, म्हातारे, शांत, स्वतः एके काळचे व्यापारी. लायसन्सचं नूतनीकरण तोंडावर आलं होतं आणि त्यावर मॅनेजर म्हणून कोणाचं नाव घालायचं हे त्यांच्या हातात होतं. सतीशने त्यांना जाऊन सांगितलं की दाजींच्या डोक्यावर परिणाम झालाय, त्यांना गावी पाठवून विश्रांती देऊ, यार्ड मी बघतो. काळजीपोटी सांगितलं म्हणे. माझी उभी हयात ज्या पाइपांत गेली, तो यार्ड माझ्या हातून काळजीपोटी निघाला होता.

पहिला आकडा

गाडी चालवायची मला मनाई होती, त्यामुळे तपासणीला सतीशच घेऊन जायचा आणि आत येऊन बसायचा. डॉक्टर लिझी, केरळच्या, मेंदूच्या डॉक्टर. बारीक बांधा, आवाज मात्र हेडमास्तरणीचा. त्यांनी झोपेबद्दल विचारायला सुरुवात केली. किती तास झोपता? पडल्यावर किती वेळात लागते? मध्ये जाग येते?

आता आमच्या बाजारात एक रीत आहे. पहिला आकडा खरा नसतो. विकणारा चढवून सांगतो, घेणारा पाडून मागतो आणि दोघे मध्ये कुठेतरी भेटतात. खरा आकडा आधी सांगणारा माणूस यार्डात टिकत नाही. शिवाय शेजारी सतीश बसला होता आणि जे बोलेन ते बू सालेमांकडे जाणार होतं. मी म्हणालो, "आठ घंटा. फर्स्ट क्लास."

मला वाटलं बाई म्हणतील, कसं शक्य आहे, नीट सांगा. मग मी थोडा खाली येईन. बाईंनी आठ लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला.

तरी त्यांना शंका असावी. त्यांनी मला मनगटावर बांधायला एक काळं घड्याळ दिलं. त्यात वेळ दिसत नव्हती. हाताची हालचाल ते आत नोंदवून ठेवतं, माणूस हलला तर जागा, निश्चल असला तर झोपलेला, असं त्यांनी समजावलं. काही आठवडे काढायचं नाही.

"हिलेगा तो जागा, नहीं हिलेगा तो सोया?" मी परत विचारून घेतलं.

"मोटा हिसाब यही है."

मला एवढंच पाहिजे होतं. अंथरुणात जाग आली की मी हात छातीवर ठेवून ओंडक्यासारखा पडून राहायचो. मानेवर खाज आली तरी हात उचलायचो नाही. वृषालीला वाटायचं नवरा गाढ झोपलाय. घड्याळालाही तेच वाटलं. निकाल आला, झोप उत्तम! मी खूश. यंत्राला हरवलं!

डॉक्टर लिझी मात्र खूश दिसेनात. म्हणाल्या, झोप चांगली आहे, तरी थकवा, राग, विसरणं तसंच आहे. म्हणजे हे मारामुळे झालेलं नुकसान असावं. "जितना सुधार होना था, शायद हो गया. अब इसके साथ जीना सीखना पड़ेगा."

सतीशने माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मी झटकला, पण शब्द झटकता आले नाहीत. मी सौदा जिंकला होता आणि बदल्यात माझंच डोकं देऊन बसलो होतो.

लेबनीज काँट्रॅक्टर

तरीही मी तोंड उघडलं नसतं. उघडायला लावलं एका सौद्याने.

दुपारी एक लेबनीज काँट्रॅक्टर आला. सतीश बाहेर होता, ऑफिसात मी एकटा. जुनी ओळख, जुनी घासाघीस. त्याने भाव मागितला, मी चढवून सांगितला, त्याने कपाळावर हात मारला, मी देवाची शपथ घेतली. सगळं पहिल्यासारखं. तेवढ्यात काहीतरी झालं. डोळे उघडे होते, पण आत दिवा विझला. परत लागला तेव्हा तो माझ्याकडे बघत होता आणि कुठे पोचलो होतो हे मला आठवेना. मी अंदाजाने आकडा फेकला.

त्याने चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "हबीबी, तू मेरे से भी नीचे बोला."

त्याने मागितलं होतं त्यापेक्षा मीच कमी सांगितलं होतं. यार्डात काम करणारी पोरं बाहेर हसली. तो हसला नाही. त्याने माझ्याच जुन्या भावाने माल घेतला आणि जाताना म्हणाला, "घर जा, आराम कर." शत्रूने दया दाखवली की फार लागतं. मी हातातला क्लॅम्प पत्र्याच्या भिंतीवर फेकला. तिथे खड्डा पडला तो अजून आहे.

घरी आलो आणि वृषालीला सगळं सांगितलं. सौदा, घड्याळ, ओंडका, आठ तास, सगळं.

तिने गॅस बंद केला. मग म्हणाली, "अहो, तुम्ही घड्याळाशी घासाघीस केलीत?"

"हो."

"आणि मी वेडी, तुम्ही किती भयंकर घोरता, मध्येच श्वास थांबल्यासारखा होतो, हे डॉक्टरांना सांगितलं नाही. परक्या बाईसमोर नवऱ्याचं घोरणं काय सांगायचं म्हणून." तिने पर्स उचलली. "चला. आत्ता. टॅक्सीने. सतीशला फोन नाही करायचा."

मैं आपकी कस्टमर नहीं

डॉक्टर लिझी घरी निघाल्या होत्या. तशाच परत खुर्चीत बसल्या. मी सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडतील. त्यांनी चष्मा काढला.

"दिगंबर जी, मैं आपकी कस्टमर नहीं हूँ. मेरे से भाव क्यों करते हो?"

"आदत है, मॅडम."

"तो अब असली रेट बोलो. कितना सोते हो?"

मी तोंड उघडलं आणि माझ्याकडे आकडाच नव्हता. जाग येते तेवढी मला कळत होती. पण बाकीचा वेळ मी झोपलेला असायचो का? पडून उठेपर्यंतच्या वेळाला मी झोप म्हणत आलो होतो. "मालूम नहीं," मी म्हणालो. धंद्यात मी हे शब्द कधी वापरले नव्हते.

बाईंचा चेहरा उजळला. "ये पहला सच्चा जवाब है." मग त्यांनी सांगितलं की डोक्याला मार लागलेल्या माणसाला स्वतःच्या झोपेचा अंदाज बऱ्याचदा येत नाही. कोणी कमी सांगतं, कोणी जास्त. घड्याळही फसतं, कारण जागा माणूसही निश्चल पडू शकतो. "आप ने तो जान-बूझ के किया. बहुत लोग बिना जाने करते हैं." म्हणून आता थेट मेंदूची झोप मोजायची.

ती मोजायला एका रात्री हॉस्पिटलात माझ्या डोक्यावर, हनुवटीवर, छातीवर, पायांवर वायरी चिकटवल्या, नाकाखाली नळी लावली आणि हसतमुख फिलिपिनो टेक्निशियन म्हणाला, "सर, जस्ट स्लीप नॉर्मल." अशा अवतारात नॉर्मल कोण झोपेल! पण यावेळी मी ठरवलं होतं, काही करायचं नाही. ना ओंडका, ना आकडा. सकाळी त्याने कोमट पाण्याने माझ्या केसांतला डिंक इतक्या हळुवारपणे काढला की मला माझी आई आठवली.

काही दिवसांनी वृषाली आणि मी स्क्रीनसमोर बसलो. वर खाली धावणाऱ्या रेघा. डॉक्टर लिझींनी एके ठिकाणी बोट ठेवलं. "यहाँ साँस रुकी." पुढे. "यहाँ दिमाग जागा, साँस चालू करने के लिए." पुढे. "फिर रुकी. फिर जागा." त्या पानं सरकवत राहिल्या आणि ते संपेचना. माझा गळा झोपेत बंद होत होता आणि मेंदू पुनःपुन्हा उठून तो उघडत होता. "आपका दिमाग रोज़ नाइट ड्यूटी करता है और दिन में आप उस से धंधा करवाते हो."

"मतलब ये सब चोट से नहीं है?" वृषालीने विचारलं.

"कुछ चोट से होगा. कुछ इस से. इस का इलाज है."

मी टेबलावर इतक्या जोरात हात आपटला की नर्स धावत आली. बाई तिला म्हणाल्या, "इट्स ओके, ही इज हॅपी."

मास्क

इलाज म्हणजे एक मशीन. नाकावर मास्क, त्यातून हवेचा दाब, गळा उघडा राहतो. दुकानदाराने दिरहममध्ये किंमत सांगितली, वृषालीने तिथेच मोठ्याने त्याचे रुपये केले आणि खुर्चीत बसली. मी मात्र बऱ्याच दिवसांनी ताजातवाना झालो. मास्कची एक जोडी जास्त, फिल्टर फुकट आणि घरी येऊन बसवून देणं, एवढं पदरात पाडल्याशिवाय मी उठलो नाही. दुकानदार म्हणाला, "सर, आप सच में पेशंट हो?"

पहिले काही दिवस ते लावून गुदमरायला व्हायचं. दोनदा काढून फेकलं. ईशा दारातून बघून म्हणाली, "बाबा, यू लुक लाइक अ फायटर पायलट." वृषाली म्हणाली, "पायलट कसला, सोंड लावलेला गणपती." त्या दोघी हसल्या आणि मी रागावलो नाही. ते माझ्या लक्षात नंतर आलं.

मग एक सकाळ आली. उठलो तर तोंड कोरडं नव्हतं. स्वयंपाकघरात फोडणी पडली आणि मला वास आला, म्हणजे नीट आला, मोहरी वेगळी आणि कढीपत्ता वेगळा. दुपारी यार्डात बसलो आणि दुपार सरली. कापूस भरला नाही. मी कोणाला सांगितलं नाही, बोललो तर जाईल असं वाटलं.

परत तपासणी झाली. यावेळी जे विचारलं त्याचं मी खरं उत्तर दिलं. घड्याळ, मशीनची नोंद, वृषालीचं म्हणणं आणि माझं म्हणणं, सगळं जुळलं. माझ्यासारख्या माणसाला हे सांगायला जड जातं, पण ज्यांच्या घरी डोक्याला मार लागलेलं माणूस आहे त्यांना सांगतो. त्याला नुसतं विचारू नका. शेजारी झोपणाऱ्याला विचारा आणि लाज न बाळगता डॉक्टरला सांगा. आणि मोजून घ्या. 'याचा स्वभावच तसा' हे सगळ्यात स्वस्त निदान आहे. कोणीही फुकट देतं.

वाटणी

डॉक्टरांचा कागद घेऊन मी बू सालेमांकडे गेलो. त्यांनी तो न उघडता बाजूला ठेवला. "दिगंबर, मैं काग़ज़ नहीं देखता. मैं आदमी देखता." सतीशला हमरिया फ्री झोनमध्ये वेगळा यार्ड काढायचा होता, त्यामुळे मालाची वाटणी होणारच होती. तुम्ही दोघे माझ्यासमोर बसा, वाटणी करा, ते म्हणाले. धागा सुटला नाही तर लायसन्सवर तुझं नाव. सुटला तर सतीशचं, आणि तू घरी.

वेळ सतीशने ठरवली, दुपारचं जेवण झाल्यावर. जेवणही त्यानेच आणलं. मटण बिर्याणी, वर गार लबान म्हणजे अरबी ताक, आणि शेवटी खजुराचा हलवा. मी झाकण उघडलं आणि मनात म्हटलं, शाबास रे. माझी दुपार त्याला पाठ होती. माझ्याच हाताखाली शिकलेला होता.

"घ्या दाजी, अजून घ्या."

"वाढ," मी म्हणालो. पोटभर जेवलो. हलवा परत मागून घेतला.

मग बसलो. फ्रेम, प्लेटा, जॅक, फोर्कलिफ्ट, जुनी गिऱ्हाइकं. तो चांगला लढला, खोटं का बोलू. ठरलेलं ठरलं असं म्हणून पुढे जायचा आणि अर्ध्या तासाने तीच गोष्ट थोडी वळवून परत आणायचा, मी विसरलो का ते बघायला.

"आणि गॅल्व्हनाइज्ड जॅक माझ्याकडे ठरलेत," तो सहज म्हणाला.

"सत्या, जॅकचं चहाच्या आधी मिटलं. गंजलेले तुझे, गॅल्व्हनाइज्ड माझे. त्या बदल्यात तू फोर्कलिफ्ट घेतलीस. फोर्कलिफ्ट परत देतोस?"

बू सालेमांच्या हातातली माळ थांबली.

सतीश गडबडला, पण पुढे गेला. मीही गेलो. बाहेर उन्हात पत्रा तापून कडकड वाजत होता, एसी घरघरत होता आणि मला प्रत्येक आकडा, कोणी, कशाच्या बदल्यात, सगळं लख्ख दिसत होतं. किती दिवसांनी मी असा भांडत होतो! असरची, तिसऱ्या प्रहरची अजान झाली. बू सालेम नमाजाला गेले आणि परत आले. शेवटचा मुद्दा उरला होता, ते लेबनीज गिऱ्हाईक कोणाचं. मी बोलत होतो आणि सतीशने तोंडावर हात धरला. बिर्याणी त्यानेही खाल्लीच होती. आधी एक जांभई दाबली, मग दुसरी दाबताच आली नाही, डोळ्यांत पाणी येईपर्यंत जबडा उघडला.

मी बोलायचं थांबलो. "काय रे सत्या, झोप नीट होत नाही का? खोटं सांगू नकोस. मोजून घे एकदा."

बू सालेमांना मराठी येत नाही, पण जांभई सगळ्यांना कळते. म्हातारा इतका हसला की डोक्यावरचा रुमाल घसरला. "खलास," संपलं अशा खुणेने त्यांनी हात झटकले. "लेबनीज दिगंबर का. लायसन्स भी दिगंबर का. यल्ला."

सतीशने उठून माझी खुर्ची, ज्यावर तो बसला होता, माझ्या बाजूला सरकवली. माफी मागितली नाही. मीही मागितली असती असं नाही. त्याच्यावरचा राग माझ्या मनात आहे आणि तो मी इतक्या स्वस्तात सोडणार नाही.

मी खुर्चीत बसलो आणि घरी फोन लावला. वृषालीने पहिल्या घंटेला उचलला.

"अगं," मी म्हणालो, "तुझ्या भावाला जेवायला घेऊन येतोय. काहीतरी हलकं कर. त्याला बिर्याणी सोसत नाही."